विश्लेषण : कॅमेऱ्याचा ओघ छोट्या चिपला झेपतो कसा?

किराणा दुकानातल्या तांदळाच्या किंवा तूरडाळीच्या पिशवीवर ‘सॉर्टेक्स’ हा शब्द अनेकांनी वाचलेला असतो. मूळचे हे एका ब्रिटिश कंपनीच्या यंत्राचे नाव. आता रंगावरून दाणे निवडणाऱ्या कुठल्याही यंत्राला बाजारात तेच म्हणतात. लातूर, अकोल्याच्या डाळ मिलमध्ये अशी यंत्रे असतात. उतरणीवरून घसरत आलेला दाणा कॅमेऱ्यासमोरून खाली पडतो. तो काळा किंवा डागाळलेला असेल, तर खालच्या नळीतून हवेचा झोत सुटतो आणि दाणा बाजूला उडवला जातो. कॅमेरा आणि नळी यांत १० सेंटिमीटर अंतर आहे आणि दाणा सेकंदाला ४ मीटर वेगाने पडतो आहे असे धरले, तर चित्र टिपणे, खराब दाणा ओळखणे आणि झडप उघडणे या सगळ्यासाठी हाती उरतात २५ मिलिसेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला स्वस्तातला कॅमेरा मॉड्यूल आणून अर्डुइनोला जोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही नेमकी हीच अडचण येते, फक्त आकडे लहान असतात. कॅमेरा कोणासाठी थांबत नाही. त्याचा ओघ झेलायचा कसा, यावर गेल्या काही वर्षांत निघालेले तोडगे समजून घेण्यासारखे आहेत.

कॅमेऱ्यातून नेमके काय बाहेर पडते?

कॅमेरा ‘फोटो’ देतो, ही आपली समजूत मोबाइलमुळे झालेली आहे. सेन्सर चिप प्रत्यक्षात फोटो देत नाही, ती आकड्यांची धार सोडते. ‘ओव्ही७६७०’ हा छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेला सेन्सर घेऊ. त्याचे चित्र ६४० बाय ४८० पिक्सेलचे, म्हणजे आजच्या हिशेबाने अगदीच सामान्य. त्यातून आठ तारा बाहेर येतात आणि या आठ तारांवर एका वेळी एक बाइट उभा राहतो. शिवाय तीन तारा खुणेच्या असतात. पहिलीवर प्रत्येक बाइटमागे एक ठोका पडतो, त्याला पिक्सेल क्लॉक म्हणतात. दुसरी तार ओळ सुरू आहे की संपली ते सांगते, तर तिसरी नवे चित्र सुरू झाल्याचे.

रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट लागतात. म्हणजे एका चित्राचे ६,१४,४०० बाइट. सेकंदाला ३० चित्रे घ्यायची, तर दोन ओळींमधली आणि दोन चित्रांमधली मोकळी जागा धरून पिक्सेल क्लॉक २४ मेगाहर्ट्झवर चालतो. दर ४२ नॅनोसेकंदांना एक नवा बाइट तारांवर येतो आणि त्याच्या पाठोपाठ पुढचा येऊन त्याला पुसून टाकतो. ‘जरा थांब, मागचा लिहून घेतो’ असे सांगण्याची सोयच या जोडणीत नाही.

महापालिकेच्या नळाला पाणी येते तसा हा प्रकार आहे. वेळ नळाची असते, आपली नसते. हंडा लावला नसेल तर पाणी वाहून जाते.

अर्डुइनो उनो इथे का हरतो?

उनो या बोर्डावरची मूळची चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे तिचा एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. बाइट येतो आहे ४२ नॅनोसेकंदांनी. चिपने एकदा डोळा उघडून पाहण्याआधीच एक बाइट निघून गेलेला असतो. तारांवरचा आकडा वाचायला एक ठोका आणि तो मेमरीत ठेवायला दोन, असे किमान तीन ठोके लागतात. हे झाले तज्ज्ञाने हाताने लिहिलेल्या असेंब्ली भाषेत. अर्डुइनोच्या नेहमीच्या आज्ञा वापरल्या, तर याच्या कितीतरी पट वेळ जातो.

दुसरी अडचण हंड्याच्या आकाराची. उनोची कामाची मेमरी अवघी २,०४८ बाइट. चित्राची एक ओळ १,२८० बाइटची. म्हणजे एका वेळी दीड ओळ मावते, आणि चित्रात ओळी आहेत ४८०.

तरीही उनोवर चित्र मिळवल्याचे व्हिडीओ इंटरनेटवर दिसतात आणि ते खोटे नसतात. त्यात सेन्सरचा क्लॉक मुद्दाम खूप मंद केलेला असतो आणि आलेला बाइट साठवून न ठेवता थेट संगणकाकडे पाठवला जातो. पण १,१५,२०० बॉडच्या सीरियल जोडणीतून सेकंदाला ११,५२० बाइटच जातात, त्यामुळे एका रंगीत चित्राला ५३ सेकंद लागतात. समोर फुलदाणी असेल तर हरकत नाही. पडता दाणा असेल, तर प्रश्नच मिटला. (जाता जाता : सेन्सर साधारण ३.३ व्होल्टचा आणि उनो ५ व्होल्टचा असतो. थेट तारा जोडून सेन्सर जाळून घेण्याआधी हे पाहिलेले बरे.)

वेगवान प्रोसेसर घेतला की झाले?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. प्रश्न केवळ वेगाचा नाही, वेळ पाळण्याच्या खात्रीचा आहे.

मायक्रोकंट्रोलर एका वेळी एक आज्ञा पाळतो. मध्येच टायमरची हाक आली, वायफायवर काही आले, तर तो हातातले काम सोडून तिकडे जातो आणि परत येतो. यात पाच मायक्रोसेकंद गेले असे धरा. माणसाच्या दृष्टीने हा वेळ नगण्य आहे. पण २४ मेगाहर्ट्झच्या ओघात तेवढ्यात १२० बाइट वाहून जातात. सरासरी वेग कितीही चांगला असला, तरी अशा एका खोळंब्याने चित्र फाटते. म्हणूनच साधा डेस्कटॉप संगणक थेट अशा तारांना जोडत नाहीत. त्याचा प्रोसेसर शेकडो पट वेगवान असतो, पण तो नेमक्या कोणत्या नॅनोसेकंदाला कुठे असेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मायक्रोकंट्रोलर बनवणाऱ्यांनी काय केले?

पहिला तोडगा होता मध्ये टाकी बसवण्याचा. ओव्ही७६७० च्याच काही मॉड्यूलवर मागच्या बाजूला ‘एएल४२२बी’ नावाची मेमरी चिप असते. सेन्सर आपल्या वेगाने तिच्यात बाइट ओततो आणि मायक्रोकंट्रोलर नंतर सवडीने काढून घेतो. तिची क्षमता ३,९३,२१६ बाइट. त्यामुळे पूर्ण रंगीत चित्र तिच्यात मावत नाही, निम्म्या लांबी-रुंदीचे, म्हणजे ३२० बाय २४० चे, आरामात मावते. टाकी भरून झाल्यावर चित्र निवांत वाचता येते. मात्र वाचून होईपर्यंत पुढची चित्रे गेलेली असतात.

दुसरा तोडगा जास्त महत्त्वाचा आहे. प्रोसेसरला या कामातून पूर्ण बाजूलाच काढायचे. ‘एसटीएम३२’ घराण्यातल्या अनेक चिपमध्ये ‘डीसीएमआय’ नावाचे केवळ कॅमेऱ्यासाठीचे सर्किट असते. तिन्ही खुणेच्या तारा तेच पाहते आणि बाइट गोळा करते. त्याला जोडून ‘डीएमए’ असते. हा नळापासून टाकीपर्यंत थेट टाकलेला पाइप समजा, हंडे उचलणारा माणूस लागतच नाही. बाइट मेमरीत जाऊन पडत असताना प्रोसेसर दुसरे काम करतो आणि चित्र पूर्ण झाले की त्याला एकदाच कळवले जाते.

छंदवाल्यांचा सध्याचा लाडका ‘ईएसपी३२-कॅम’ हा बोर्डही याच युक्तीवर चालतो. त्याच्या चिपमध्ये मूळ ध्वनीसाठी दिलेले एक सर्किट आहे. ते कॅमेऱ्याचे बाइटही झेलू शकते, आणि डीएमए सोबतीला आहेच. पण त्या बोर्डाचे अर्धे श्रेय त्याच्या सेन्सरला द्यायला हवे. त्यावरचा ‘ओव्ही२६४०’ सेन्सर चित्राचे जेपीईजीमध्ये आकुंचन स्वतःच करतो. सहा लाख बाइटचे चित्र काही दहा हजार बाइटमध्ये येते आणि मग वायफायवरून पाठवणे जमते. दारावरच्या बेलसाठी, शेततळ्यावर नजर ठेवण्यासाठी हे पुरेसे आहे.

मात्र आकुंचनात बारीक तपशील जातात आणि किती बाइट येतील हे चित्रागणिक बदलते. शिवाय चित्र हाती आल्यावर ते पुन्हा उलगडावे लागते. दाण्यावरचा डाग मोजायचा असेल, तर हा मार्ग उपयोगी नाही.

‘पिको’मध्ये वेगळे काय?

रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये आला, ४ डॉलर किमतीत. त्यावरच्या आरपी२०४० चिपमध्ये कॅमेऱ्यासाठी खास सर्किट नाही. त्याऐवजी तारांवरची हालचाल कशी झेलायची, हे आपणच लिहून देऊ शकू असे आठ छोटे यंत्रघटक आहेत. या सोयीला ‘पीआयओ’ म्हणतात. चार-चार घटकांचे दोन गट आणि प्रत्येक गटाला फक्त ३२ आज्ञांची जागा. गुणाकार-भागाकाराच्या आज्ञा त्यांच्याकडे नाहीत. पण प्रत्येक आज्ञा बरोबर एका ठोक्यात पूर्ण होते आणि मध्ये कोणी हाक मारून त्यांना उठवू शकत नाही.

कॅमेऱ्यासाठी लागणारा त्याचा गाभा तीन आज्ञांचा आहे : पिक्सेल क्लॉक वर जाईपर्यंत थांब, आठ तारा वाच, क्लॉक खाली येईपर्यंत थांब. चिप १२५ मेगाहर्ट्झवर चालत असताना दोन बाइटमध्ये पाच ठोके मिळतात, म्हणजे काम बसते. पुढे डीएमए ते मेमरीत नेऊन ठेवते.

अडते ते मेमरीपाशी. आरपी२०४० मध्ये २६४ किलोबाइट आहेत. ३२० बाय २४० चे रंगीत चित्र बसते, पण ६४० बाय ४८० चे कृष्णधवलही बसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पिको-२ मध्ये ५२० किलोबाइट आहेत. त्यात कृष्णधवल मावते, रंगीत मात्र अजूनही नाही.

प्रोग्रॅमेबल लॉजिक म्हणजे नक्की काय?

पीआयओ ही वाटेतली पायरी म्हणायची. तीच कल्पना टोकाला नेली की ‘एफपीजीए’ येते, म्हणजे फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अ‍ॅरे. मायक्रोकंट्रोलरमध्ये सर्किट पक्के असते आणि आपण त्याला आज्ञा देतो. एफपीजीएमध्ये आपण सर्किटच ठरवतो. चिपमध्ये छोट्या तक्त्यांचे हजारो ठोकळे असतात. चार तारा आत आल्या, तर त्यांच्या सोळा शक्यता होतात. प्रत्येक शक्यतेला उत्तर शून्य की एक, एवढेच त्या तक्त्यात भरायचे. सोबत एक बिट धरून ठेवणारा फ्लिप-फ्लॉप आणि ठोकळे एकमेकांना जोडणाऱ्या तारांचे जाळे. जाळ्यातले कोणते सांधे जोडलेले आणि कोणते तुटलेले, हेही आपणच भरतो.

झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये पहिली अशी चिप बाजारात आणली, तेव्हा तिच्यात ६४ ठोकळे होते. कल्पना कंपनीचे सहसंस्थापक रॉस फ्रीमन यांची. ट्रान्झिस्टर महाग असताना ते असे सढळ हाताने वापरणे तेव्हा अनेकांना उधळपट्टी वाटली होती. आज मोठ्या एफपीजीएत ठोकळ्यांची संख्या लाखांत जाते. ‘एएमडी’ने झायलिंक्स २०२२ मध्ये विकत घेतली.

कॅमेऱ्यासाठी याचा फायदा दोन प्रकारे होतो. एक तर सगळे एकाच वेळी चालते. बाइट झेलणारे सर्किट, रंग तपासणारे सर्किट, झडपेची वेळ मोजणारे सर्किट, प्रत्येकाची चिपवर स्वतंत्र जागा असते आणि कोणी कोणासाठी खोळंबत नाही. दुसरे म्हणजे चित्र साठवावेच लागत नाही, आणि हे पचायला थोडा वेळ लागतो. चित्रातल्या कडा शोधायच्या, तर प्रत्येक पिक्सेलभोवतीचे तीन बाय तीनचे चौकोन पाहावे लागतात. त्यासाठी संपूर्ण चित्र हाती असण्याची गरज नसते. मागच्या दोन ओळी लक्षात ठेवल्या की तिसरी ओळ येता येताच उत्तर तयार होते. ६४० पिक्सेलच्या कृष्णधवल चित्राला यासाठी मेमरी लागते १,२८० बाइट. उनोच्या मेमरीतही ती मावली असती! तिथे कमतरता होती ती एकाच वेळी झेलणाऱ्या आणि मोजणाऱ्या हातांची.

डाळीच्या यंत्राकडे याच नजरेने पाहू. तिथे चौकोनी चित्राऐवजी एकाच ओळीचा कॅमेरा असतो आणि दाणा खाली सरकत जातो तसतसे चित्र ओळीओळीने तयार होते. ओळीत २,०४८ पिक्सेल आणि सेकंदाला १०,००० ओळी धरल्या, तर सेकंदाला दोन कोटींहून अधिक पिक्सेल येतात. दोन ओळींमध्ये दाणा ०.४ मिलिमीटर सरकतो. झडप दोन मिलिसेकंद जरी उशिरा उघडली, तरी दाणा ८ मिलिमीटर पुढे गेलेला असतो आणि झोतात सापडतो मागचा चांगला दाणा. असे होत राहिले की चुरीबरोबर चांगली डाळही बाहेर जाते आणि तो तोटा रोजच्या उताऱ्यात दिसतो. वेळेची खात्री हा त्यामुळे मिलमालकाच्या दृष्टीने पैशाचा प्रश्न आहे.

दोन घड्याळे जुळवायची कशी?

एफपीजीए घेतला की सगळे सुरळीत, असेही नाही. सेन्सरचा क्लॉक वेगळा, चिपचा स्वतःचा वेगळा. दोघांचे ठोके कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एखाद्या तारेवरचा आकडा शून्यावरून एकवर जात असतानाच दुसऱ्या घड्याळाने तो वाचला, तर फ्लिप-फ्लॉप क्षणभर धड शून्य नाही, धड एक नाही अशा अवस्थेत लटकतो. सुटी तार असेल तर ती लागोपाठ दोन फ्लिप-फ्लॉपमधून नेतात. पहिला लटकलाच, तर दुसऱ्यापर्यंत पोहोचेतो तो बहुधा सावरतो.

आकड्यांसाठी हे पुरत नाही. मधल्या टाकीत किती बाइट भरले, याचा मोजणी-आकडा एका घड्याळाकडून दुसऱ्याकडे जावा लागतो. सातचा आठ होताना साध्या द्विमान पद्धतीत ०१११ चे १००० होते, चारही बिट एकदम बदलतात. नेमके तेव्हाच वाचले, तर शून्य ते पंधरा यांतले काहीही हाती येऊ शकते. उपाय जुना आहे. बेल लॅब्जमधल्या फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेतात शेजारच्या दोन आकड्यांत एकच बिट बदलतो. तिथे सात म्हणजे ०१०० आणि आठ म्हणजे ११००. मध्येच वाचले तरी उत्तर सात किंवा आठ, तिसरे काही नाही. हे न करता बनवलेले सर्किट टेबलावर व्यवस्थित चालते आणि कारखान्यात आठवड्यातून एकदा बिनसते. अशी चूक शोधणे सर्वात कठीण असते.

चित्र बिघडले, तर काय समजावे?

नवशिक्यांसाठी एक दिलासा आहे. कॅमेऱ्याचे बिघडलेले चित्र स्वतःच दोष सांगते. सगळे गुलाबी-हिरवे दिसत असेल, तर बहुधा एक बाइट निसटला आहे. प्रत्येक पिक्सेलचे दोन बाइट असल्याने एक हरवला की प्रकाशाचा आकडा रंगाच्या जागी जाऊन बसतो. चित्र तिरके कलत गेले असेल, तर प्रत्येक ओळीत ठरावीक पिक्सेल कमी किंवा जास्त मोजले जात आहेत. वरचा भाग खाली आणि खालचा वर, असे असेल तर नवे चित्र सुरू झाल्याची खूण हुकली. विखुरलेले ठिपके दिसत असतील, तर आधी प्रोग्रॅमवर शंका घेऊ नका. तारा पाहा. ब्रेडबोर्डवरच्या वीतभर लांब जंपर तारा २४ मेगाहर्ट्झला त्रास देतात. त्या आखूड करणे आणि जमिनीची, म्हणजे ग्राउंडची जोडणी जवळून नेणे, याने निम्मे प्रश्न सुटतात.

ओव्ही७६७० मध्ये रंगीत पट्ट्यांचे चाचणी-चित्र काढण्याची सोयही आहे. कॅमेऱ्यासमोर काय आहे याचा विचार न करता आधी ते पट्टे सरळ आणि योग्य रंगाचे येतात का हे पाहावे. भिंगाचा फोकस फिरवत बसण्यात दिवस घालवण्यापेक्षा हे बरे.

मोठ्या प्रयोगांतही हेच चालते?

तत्त्व तेच. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी नासाचे पर्सेव्हरन्स यान मंगळावर उतरले, तेव्हा खाली येता येता घेतलेली चित्रे यानातल्या नकाशाशी जुळवून आपण कुठे आहोत हे त्याला ठरवायचे होते. यानात वापरलेला किरणोत्सर्गाला टिकणारा रॅड-७५० प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झपर्यंतचा, मोबाइलच्या तुलनेत फारच मंद. चित्रांची जड आकडेमोड त्यामुळे एका व्हर्टेक्स-५ एफपीजीएवर सोपवण्यात आली होती.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीतही एफपीजीए आहेत. तिथला ओघ चित्रांचा नसून रेडिओ लहरींचा आहे. ३० तबकड्यांकडून येणारे संकेत आकड्यांत बदलताना सेकंदाला ८० कोटी नमुन्यांपर्यंतचा वेग गाठावा लागतो. एफपीजीए ते झेलतात आणि पुढची आकडेमोड ग्राफिक प्रोसेसरवर होते.

मग कोणी काय निवडावे?

घराबाहेर कोण आले एवढे पाहायचे असेल, तर एफपीजीएच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. ईएसपी३२-कॅम पुरेसा आहे. कच्चे पिक्सेल हवे आहेत, पण चित्र लहान चालणार आहे, तर पिको किंवा एसटीएम३२ घ्यावा. प्रत्येक ओळीवर ठरलेल्या मायक्रोसेकंदात निर्णय हवा असेल, किंवा सेन्सर मोबाइलमधल्यासारखा वेगवान सीरियल जोडणीचा असेल, तर प्रोग्रॅमेबल लॉजिकचा विचार करावा. १९२० बाय १०८० चे दहा-बिटी चित्र सेकंदाला ६० वेळा घेतले, तर ओघ सव्वाशे कोटी बिटांच्या आसपास जातो. तिथे आठ तारांची जुनी पद्धत संपते.

एफपीजीए शिकायला कठीण, ही तक्रार खरी आहे. व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएलमध्ये लिहिलेल्या ओळी एकामागून एक चालत नाहीत, त्या सगळ्या एकाच वेळी अस्तित्वात असतात. सी भाषेची सवय झालेल्याला इथे सगळे नव्याने शिकावे लागते. आपल्याकडे बहुतेक अभ्यासक्रमांत मायक्रोकंट्रोलर एका सत्रात आणि व्हीएलएसआय दुसऱ्या सत्रात शिकवले जाते. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच कॅमेऱ्याला जोडून पाहण्याचा योग विद्यार्थ्याला क्वचित येतो. साधनांचे निमित्त मात्र आता उरलेले नाही. लॅटिस कंपनीच्या आइस४० या छोट्या एफपीजीएसाठी २०१५ पासून पूर्णपणे मुक्त-स्रोत साधने उपलब्ध आहेत आणि ती साध्या लॅपटॉपवर चालतात.